बॉनेटवरचा शेंदूर

माझा हात हलका आहे, असं मेहकरात लोक इतकी वर्षं म्हणत आले आणि मी ते निमूट ऐकून घेत आलो. कुणी मोटार पॉलिशला आणली की सोबतच्या माणसाला सांगायचा, "निर्धास्त राहा, यांचा हात म्हणजे लोणी." मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा. विनय कसला, कपाळ! मला लाज वाटायची. आता दुकान मुलाकडे गेलंय, मला कुणी काही विचारत नाही, तेव्हा म्हटलं एकदाचं लिहून टाकावं.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरहून यायचे आणि कापूस मुंबईला जायचा. खामगावात कापसातली सरकी काढायचा जिन असलेल्या एका मालकांकडे मी ड्रायव्हर होतो. वय चोवीस. ही नोकरी मला सुखासुखी मिळाली नव्हती. त्याआधी मी मेहकर-खामगाव सर्व्हिस मोटारीवर होतो. जानेफळजवळ एका बैलगाडीला घासून माझ्या हातून मडगार्ड चेमटलं, आणि मी खुशाल सांगितलं की क्लीनर चालवत होता. तो बिचारा घरी बसला. आठ दिवसांत खरं बाहेर आलं आणि मीही घरी बसलो. मोटारीची दुनिया तेव्हा एवढीशी. खोटारडा ड्रायव्हर म्हणून माझं नाव चिखलीपर्यंत पोचलं होतं.

मला हात दिला तो चाचांनी. चाचा खामगावात तांगे, बैलांच्या दमण्या आणि अलीकडे मोटारी पॉलिश करायचे. माझे वडील तांगेवाले, त्यांच्या तांग्याला रोगण चाचाच द्यायचे, एवढीच ओळख. तेवढ्या ओळखीवर मी त्यांच्या दारात जाऊन बसलो. त्यांनी आधी पोटभर शिव्या घातल्या, मग चहा पाजला आणि मग मला घेऊन जिनवाल्या मालकांकडे गेले.

मालक म्हणाले, "हा खोटं बोलतो म्हणे."

"हाव मालक, बोलला व्हता. एक खेप बोलला, आता नाई बोलनार," चाचा म्हणाले. "याच्या जबानीचा जामीन मी. हा खोटा निंगाला तं याले सोडा, मले धरा."

"मग तुमच्या शब्दावर ठेवतो, चाचा. याच्या नाही."

असा मी नोकरीला लागलो.

मालकांची मोटार काळी, लांबलचक, विलायती. तिला वर्षातून तीनदा चाचांचा हात लागायचा. सातपुड्याकडचं मेण संग्रामपूरच्या बाजारातून आणायचं, ते टर्पेंटाइनमध्ये विरघळवायचं, जुन्या धोतराच्या फडक्यानं लावायचं आणि पुसायचं. पण शेवटचा हात फडक्याचा नाही, नुसत्या तळव्याचा. चाचा डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचे आणि कुठे मेण जास्त राहिलंय, कुठे रंग पातळ झालाय ते न बघता सांगायचे. त्या तळव्याचा त्यांना भारी गर्व होता. रस्त्यानं जाताना दुसऱ्याच्या उभ्या मोटारीवर हात फिरवून "कोन्या गाढवानं घासली हे?" असं मालकाच्या तोंडावर विचारायला ते कमी करत नसत. अख्ख्या गावात असा हात दुसरा नाही, हे ते स्वतःच सांगायचे. खोटंही नव्हतं.

त्या घरची एक रीत होती. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की मालकीणबाई बॉनेटच्या मधोमध तेलात कालवलेल्या शेंदरानं स्वस्तिक काढायच्या. ते लगेच पुसायचं नाही. गाडी धुवायची ती त्याच्या कडेकडेनं. मग पुढच्या पॉलिशच्या वेळी बाई तबकात अक्षता घेऊन बाहेर यायच्या, त्या स्वस्तिकावर टाकायच्या, हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "काढा आता, भाई." घरात बसवलेल्या देवावर अक्षता टाकून मग त्याला हलवतात, तसंच हे. चाचा तोवर टोपी नीट करून जरा दूर उकिडवे बसून राहायचे. बाईंना स्वयंपाकघरातून यायला तासभर लागला तरी हलायचे नाहीत. अक्षता पडल्यावर कोमट तेल लावून, अलगद, करंगळीनं डोळ्यातलं कुसळ काढावं तसा शेंदूर काढायचे. बाई त्यांना नारळाचा अर्धा भाग द्यायच्या आणि ते तो रुमालात बांधून घरी न्यायचे. किती वर्षं हे चाललं होतं कोण जाणे. मी आलो तेव्हा ते जुनंच होतं.

ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी दसऱ्याला तिळाचं तेल संपलेलं होतं. बाईंनी हाताशी होतं ते जवसाचं घेतलं. आपल्याकडे घरोघर जवसच असतं, त्यात विशेष काय? विशेष काय ते मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. शेंदूर आणि जवसाचं तेल म्हणजे लोखंडी पुलाला मारतात तो लाल रंग. वाळला की दगड. बाईंच्या हातून बॉनेटवर पुलाचा रंग लागला होता आणि ते कुणाच्या ध्यानी नव्हतं. चाचांच्या तेवढं आलं होतं. दिवाळीत त्यांनी नखानं टोकरून पाहिलं आणि म्हणाले, "या खेपेला हे लवकर नाई निंगत."

माघात मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरदेवाला जलंब स्टेशनावरून याच मोटारीतून आणायचं होतं. मालक कामानं मुंबईला गेले ते येताना एक पेटी घेऊन आले. पेटीत विजेवर चालणारं पॉलिशचं मशीन. चांगलं जात्याच्या पाळूएवढं जड, दोन बाजूंना मुठी, आणि पुढे लोकरीची गोल गादी. बटण दाबलं की गादी गरगर फिरायची. वीज जिनाच्या डायनामोवरून घ्यायची. जिन चालू असेल तेव्हा मशीन चालणार.

चाचांनी मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे तं पिठाची चक्की हाय बे. दळाले आनली का चमकवाले?"

मालक हसले आणि मशीन त्यांनी माझ्या हातात दिलं. "तू तरुण आहेस, तू शीक."

मी शिकलो कसला, डोक्यावर घेऊन नाचलो. एका सकाळीत मी चारी दारं आणि दोन्ही मडगार्डं आरशासारखी केली. जिनातले हमाल, कारकून, रस्त्यानं जाणारे, सगळे फाटकाशी गोळा झाले. मी उगीचच बाह्या वर सरकवायचो, उगीचच मशीन थांबवून पत्र्यावर फुंकर मारायचो. चाचांना हेच काम करायला चार दिवस लागले असते. हे मी मोठ्यानं बोललोसुद्धा. चाचांनी दारावरून तळवा फिरवला, डोळे मिटले.

"चमकते, हाव," ते म्हणाले. "पन गरम हाय. एकाच जागी ठेवून राह्यला तू. याले फिरवत राह्यलं पाह्यजे." मग बॉनेटकडे बोट करून म्हणाले, "आन् याले मशीन लावजो नोको. किती वर्सं मी तेथूनच शेंदूर काढून राह्यलो, तेथचा रंग कागदावानी झाला. उद्या नमाजहून येतो, बाई अक्षता टाकतीन, मंग मी काढीन. दोन दिवस तेल पाजा लागीन त्याले."

"दोन दिवस?" मी म्हणालो. "वरात परवा आहे, चाचा."

"तं रातभर पाजीन. तुले काय कराचं हाय?"

दुसरा दिवस शुक्रवार. चाचा दुपारी नमाजला गेले. जिन जेवणाच्या सुट्टीसाठी थांबला, डायनामो मात्र चालू होता. अंगणात मी एकटा. आणि माझ्या डोक्यात आलं, की चाचा परत येईपर्यंत बॉनेट स्वच्छ करून ठेवावं. ते येतील, बघतील, तोंडात बोट घालतील. त्यांचं वाईट करावं असं माझ्या मनात नव्हतं, एवढं खरं. मला फक्त मिरवायचं होतं. अक्षतांचं काय? त्या नंतर टाकतील, असं मी मनाशी म्हणालो. म्हणजे अक्षता मला आठवत होत्या. विसरलो असं मला आजही म्हणता येत नाही.

मी मशीन लावलं. जिन बंद म्हणजे डायनामोवरचा बाकी सगळा भार उतरलेला, आणि सगळा जोर माझ्या एकट्या मशीनमध्ये. रोजच्या दीडपट वेगानं गादी फिरत होती आणि मला वाटलं, वा, आज मशीन खुशीत आहे! शेंदूर हलेना म्हणून मी अंगाचा भार टाकला. एकाच जागी. शेंदूर गेला. एक पाकळी गेली, दुसरी गेली, मला चेव आला. जळकट वास आला तेव्हा मी मशीन उचललं. तळव्याएवढ्या जागेत शेंदूर नव्हता, काळा रंगही नव्हता. कडेला राखाडी अस्तर आणि मधे उघडा पांढरा पत्रा. त्याभोवती गोल गोल वळ.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी काय केलं? मी मशीन पेटीत ठेवलं. दोर गुंडाळला, झाकण लावलं, पेटी गाडीखान्यात सरकवली आणि फडकं हातात घेऊन उभा राहिलो. बाकी काही सुचलं नाही, एवढं मात्र बरोबर सुचलं.

तेवढ्यात बाई तबक घेऊन बाहेर आल्या. लग्नघर, अंगावर नवं लुगडं, दोन्ही हात हळदीनं पिवळे. चाचा येण्याच्या वेळी आपण तयार असावं म्हणून लवकर आल्या होत्या. बॉनेटपाशी आल्या आणि थांबल्या. अक्षतांची मूठ तशीच राहिली.

"हे कोनं पुसलं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. घाबरून विचारलं. एका दिवसावर मुलीचं लग्न, आणि पूजेचं चिन्ह अक्षता पडण्याआधी पुसलेलं, शिवाय खालचा पत्रा उघडा पडलेला. आईच्या मनात काय आलं असेल ते मला तेव्हाही कळलं.

मी म्हणालो, "चाचांले विचारा."

तीन शब्दसुद्धा नाहीत. चाचांनी केलं असं मी म्हटलं नाही. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःची तशी समजूतही काढत होतो, की बाबा, तू नाव घेतलंस, आळ घेतला नाहीस. पण मला काय म्हणायचं होतं ते बाईंना कळलं आणि मलाही ठाऊक होतं. क्लीनरच्या वेळी मी खोटं बोललो होतो. या वेळी नुसती वाट दाखवली.

फाटक वाजलं. चाचा आत आले, डोक्यावर नमाजची टोपी, खांद्यावर फडक्यांचं गाठोडं. त्यांनी बाईंचं तोंड पाहिलं, मग बॉनेट पाहिलं. जवळ आले आणि उघड्या पत्र्यावर तळवा ठेवला. पत्रा अजून गरम होता. हातानं घासलेला पत्रा असा तापत नाही, हे त्या अंगणात आम्हा दोघांनाच माहीत होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बाहीला लोकरीचे तंतू चिकटलेले होते. मी फडकं छातीशी धरून उभा.

"भाई, तुमी थांबले नाही?" बाई म्हणाल्या. "इतके वर्सं थांबत आले, आन् आजच थांबले नाही?"

चाचांनी तळवा उचलला.

"उमर झाली, बाई," ते म्हणाले. "ध्यानात नाई राह्यलं. आन् हात बी भारी पडला."

मी बोललो नाही. बोलायला दोन पावलांचं अंतर होतं आणि वेळ भरपूर होता. बाईंनी मुठीतल्या अक्षता परत तबकात टाकल्या, डोळ्याला पदर लावला आणि आत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं लिहायला बरं वाटतं, पण ते पुरतं खरं नाही. बाई आत गेल्या तेव्हा आधी माझा श्वास सुटला. मेल्यासारखं नंतर झालं.

चाचांनी गाठोडं सोडलंसुद्धा नाही. जाताना एवढंच म्हणाले, "मशीन ठंडी होऊ दे, मंगच झाकन लावजो. गरम राह्यली तं लोकर जयते."

लग्नात त्या पत्र्यावर झेंडूचा जाड हार आला. नवरदेव आला, वरात झाली, कुणाला काही दिसलं नाही. मुलीचा संसार पुढे चांगला झाला. त्या उघड्या पत्र्याचा त्रास एका चाचांशिवाय कुणालाच झाला नाही.

त्यांना मात्र पुरता झाला. त्यांना कुणी नको म्हटलं नाही, नुसतं बोलावणं थांबलं. आधी आमच्या घरचं, मग डॉक्टरांच्या घरचं, मग तहसीलदारांच्या. "चाचांचा हात गेला" असं लोक म्हणायचे, हळहळून म्हणायचे. काही जण आणखी एक वाक्य हलक्या आवाजात जोडायचे, की पूजेचं पुसायच्या आधी म्हाताऱ्यानं थांबायला हवं होतं, शेवटी त्याला त्याचं काय. हे ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिळपापड झाला तरी तोंड उघडायचं नाही. ते चाचा खाटांचे पाय आणि लाकडी पेट्या घासायला लागले.

पुढच्या दसऱ्याला बाईंनी शेंदूर आणलाच नाही. पाण्यात कुंकू कालवून पुढच्या काचेवर लहानसं स्वस्तिक काढलं. दिवाळीनंतर त्यावर अक्षता टाकल्या आणि मला म्हणाल्या, "काढ तू. तुहा हात हलका हाय." मी ओल्या फडक्यानं पुसलं. त्यांनी मला नारळाचा अर्धा भाग दिला. तो मी वाटेत एका गाईपुढे टाकला. त्याच्या पुढच्या वर्षीही हेच झालं, आणि त्या वर्षी मी खोबरं खाल्लं. माणूस सरावतो.

मग मी मेहकरला परतलो आणि मोटार स्टँडजवळ पॉलिशचं दुकान टाकलं. मालकांनी कौतुकानं ते मशीन मला देऊन टाकलं. गिऱ्हाईक खामगावाहूनही यायचं. चाचांच्या हाताखाली तयार झालेला पण चाचांपेक्षा हलक्या हाताचा, अशी माझी ख्याती झाली होती.

काही वर्षांनी एका दुपारी चाचा दुकानात आले. त्यांची मुलगी बीबी गावाला दिलेली, तिच्याकडे निघाले होते आणि मधे मोटार बदलायची होती. वाकले होते, पण शिव्या तशाच. "चक्की अजून चालते का बे तुही?" म्हणत स्टुलावर बसले. मी चहा मागवला. तेवढ्यात इथले एक वकील आपली गाडी न्यायला आले. त्यांनी बॉनेटवर नजर टाकली, खूश झाले आणि म्हणाले, "खामगावच्या कुण्या म्हाताऱ्यानं एका गाडीचं बॉनेट पार पत्र्यापर्यंत खरवडलं होतं म्हणे. स्वस्तिकासकट! तुम्ही तिथेच होता ना तेव्हा?"

म्हातारा त्यांच्यापासून दोन हातांवर बशीत चहा ओतत होता. वकिलांना ठाऊक नव्हतं. मला होतं. या वेळी माझी नोकरी जाणार नव्हती. दुकान माझं होतं, मशीन माझं होतं, भीती वाटावी असं तिथे काहीही नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "होतो मी तिथे."

वकील गाडी घेऊन गेले. चाचांनी बशी खाली ठेवली. मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "चाचा, तुम्ही तेव्हा माझ्यासाठी..."

"तुह्यासाठी काऊन?" ते एकदम म्हणाले. "म्या मालकाले जबान देल्ली व्हती, हा खोटं बोलनार नाई म्हनून. तू तं बोलूनच राह्यला व्हता. हात जाऊ देऊ का जबान जाऊ देऊ? हात जाऊ देल्ला."

मी म्हणालो, "मी सांगणारच होतो बाईंना."

"हाव. मले बी तसंच वाटलं," चाचा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "म्हनलं, पोरगा आज भेला हाय, उद्या जाईन आन् सांगीन. मंग माही जबान बी राहीन आन् हात बी. दोन दसरे वाट पाह्यली बे. घरी टोपी घालून बसून राहो, का बाईचं बलावनं येईन."

मी त्यांची बशी उचलून बाजूला ठेवली.

"आता कोनाले सांगशीन?" ते म्हणाले.

बाई आदल्या उन्हाळ्यातच गेल्या होत्या. मालकांचं पत्र मला याच दुकानात मिळालं होतं. मी ते उभ्या उभ्या वाचलं, आणि रडू यायच्या आधी माझ्या मनात जो पहिला शब्द आला तो "सुटलो" हा होता.

तो शब्द मी चाचांनाही सांगितला नाही. त्यांची बीबीची मोटार लागली होती. मी त्यांची पिशवी उचलून आत ठेवली आणि त्यांना खिडकीजवळची जागा मिळवून दिली.